रोझारच्या शर्टाचं लग्न

रोझार तारवटी बोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी परतला तेव्हा त्याच्या पेटीत सात शर्ट होते, आणि सातही त्याच्या मापाचे नव्हते. लहान घ्या, मोठा घ्या, दाम एकच, मग कमी कापड का घ्या, हा त्याचा नियम. कुठल्याही बंदराला बोट लागली की तो दुकानात जाऊन तिथला सगळ्यात मोठा शर्ट मागायचा. त्यात तो शिरला की खांदे कोपराकडे उतरायचे आणि मागचा घेर वाऱ्यानं असा फुगायचा की वाड्यावरच्या बायका म्हणायच्या, रोझार नाही आला, रोझारचं शीड आलं.

त्या सातांतला एक निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता. बोटभर रुंद पट्टे, सुती कापड, जाड असून मऊ. रोझारनं तो पंधरा वर्षं घातला. कॉलर घडीवर विरली, कोपर झिजले, निळा रंग धुऊन धुऊन आभाळासारखा फिका झाला, तरी कापडानं जीव सोडला नव्हता. असं कापड आता हाताला लागत नाही. धरलं की आधी गार वाटायचं आणि मग हाताचीच ऊब साठवून ठेवायचं.

एकोणीसशे बाहत्तरच्या जानेवारीत, गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, पाच दिवस उरले असताना, एका मंगळवारी रोझारची मुलगी लविन तो शर्ट काखेत मारून मेस्त इनास शिंप्याच्या दुकानात शिरली. दुकान म्हणजे मेस्तच्या घराची पुढची खोली. दोन मशीन, एक लांब टेबल, भिंतीवर सायबिणीची, मारियामातेची, तसबीर आणि तिच्यापुढे कधी न विझणारा इवलासा दिवा. दाराबाहेर बलकाव, त्यात समोरासमोर दोन दगडी बाकं. लविन आत आली आणि मागून आलेला रोझार त्यातल्या एका बाकावर टेकला.

"मेस्त, याचा मला टॉप हवा. असा," म्हणत लविननं मासिकातलं फाडलेलं पान टेबलावर ठेवलं. बापानं शेवटच्या फेरीतून आणलेलं मासिक होतं ते. चित्रातल्या मुलीच्या अंगात आखूड, कमरेशी बसलेला टॉप होता, फुगऱ्या बाह्यांचा, आणि खाली बेलबॉटम. "बेलबॉटम माझ्याकडे आहे. वर घालायला काही नाही."

मेस्त इनासनं चित्राकडे बघितलं नाही. शर्ट दोन बोटांनी उचलला आणि परत ठेवला. "जुन्या कपड्याला माझी कात्री लागत नाही, बाय. मडगावला जा, नवं कापड आण."

"नवं कापड सगळ्यांच्याच अंगावर असणार आहे. एकाच दुकानातनं, एकाच ताग्यातलं. फेस्ताला आम्ही सगळ्या शाळेच्या पोरी वाटणार."

"मग शाळेत जा."

"इनास, कर की रे," रोझार बाहेरून म्हणाला. "पंधरा वर्षं मी त्या शर्टात राहिलोय. तिला वाटतं तिनंही राहावं."

"तुझ्या शर्टात सगळं गाव राहील. मला फेस्ताचे अकरा फ्रॉक करायचेत. नाही म्हटलं ना."

कोपऱ्यातल्या स्टुलावर मिलाग्रिन काज करत बसली होती. अठरा वर्षांची, तीन वर्षं मेस्तच्या हाताखाली. या तीन वर्षांत तिनं किती काजं केली, किती बटणं लावली, किती घोळांना हातशिलाई घातली याला गणती नव्हती. पण कात्री नाही. मेस्त इनासच्या दुकानात कात्री फक्त मेस्त इनासच्या हातात. ती खुंटीवर टांगलेली असायची, आणि मिलाग्रिननं ती आजवर फक्त पुसली होती.

तिच्यासाठी तो आठवडा आधीच अवघड चालला होता. मुंबईहून तिची नातालीनमावशी फेस्तासाठी आली होती. वीस वर्षं कुलाब्याला एका पारशी घरात आया होती ती, आणि शेजारच्या घरात भाचीसाठीही जागा पक्की करून आली होती. फेस्त रविवारी, आणि सोमवारी पणजीहून मुंबईची बोट. आईनं मेस्तला येऊन सरळ विचारलं होतं, "मेस्त, खरं सांगा. हिच्या हातात कधी कात्री येणार आहे का? येणार नसेल तर काजं करत म्हातारी होण्यापेक्षा जाऊ दे तिला." मेस्त म्हणाला होता, "बघतो." मेस्तचं 'बघतो' म्हणजे काय ते वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मिलाग्रिनला आणखीही एक ठाऊक होतं, जे कुणालाच नव्हतं. मेस्त आता फक्त सकाळी दहापर्यंत, खिडकीतलं ऊन टेबलावर असेतोच कापत असे. ख्रिसमसच्या एका फ्रॉकाची बाही त्यानं दोनदा कापली होती. उजव्या हाताचा अंगठा थरथरायचा, तेव्हा तो हात मांडीखाली घेऊन बसायचा.

शर्ट टेबलावर पसरलेला होता. मिलाग्रिनची नजर त्याच्या पाठीवर गेली. पाठ सबंध, कुठे झीज नाही, ठिगळ नाही, घोंगडीएवढी रुंद. काजाची सुई तिच्या हातात तशीच राहिली.

"मी करते," ती म्हणाली.

लविननं मान वळवली. "तू?"

मेस्तनं शर्टाची लोंबणारी बाही टेबलावर सारली. मग म्हणाला, "कर. चिंधीच आहे. बिघडली तर कुणाचं काही जात नाही."

"माझं जातं," लविन म्हणाली.

"मग मडगावला जा." आणि मिलाग्रिनकडे न बघता, "गुरुवारी सकाळी माझ्यासमोर कापायचं. जमलं तर कात्री खुंटीवरून खाली येईल. नाही जमलं, तर सोमवारची बोट आहेच."

बाहेर रोझारनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे माझ्या शर्टाचं लग्न ठरलं. गुरुवारी साडो कापायचा. फटाका मी आणतो, नाताळातला शिल्लक आहे."

साडो म्हणजे नवरीचा लाल पोशाख. तो कापायला मेस्त नवरीच्या घरी जातो. कापडावर खडूनं क्रूस काढतो, सगळे मिळून प्रार्थना म्हणतात, आणि कात्रीचा पहिला कट झाला की अंगणात फटाका फुटतो, म्हणजे सगळ्या वाड्याला कळतं की या घरात लग्न उभं राहिलं. नंतर थोरली माणसं मेस्तच्या ताटात नाणी टाकतात. तीन गावांतले साडो मेस्त इनासच कापायचा, आणि त्याची एक शिस्त होती: कट पुरा झाल्यावर मेस्त हात वर करणार, मगच अंगणातल्यानं वात पेटवायची. त्याआधी नाही. लोकांना वाटायचं, हा देवाधर्माचाच नियम.

"गाढवपणा करू नकोस," मेस्त म्हणाला.

"माझा शर्ट आहे. मी त्याच्यासाठी बँडसुद्धा आणीन."

मंगळवारी आणि बुधवारी दुपारी, मेस्त पेज पिऊन झोपला की मिलाग्रिन शर्ट उसवायची. ओढून नाही, एकेक टाका सुईच्या टोकानं उचलून. ज्यानं तो शिवला होता त्या कुठल्याशा परक्या शिंप्याचा हात तिला कळत गेला. बगलेत त्यानं दुहेरी टीप घातली होती, कॉलरच्या टोकाशी टाके बारीक केले होते. चांगला माणूस होता, तिला वाटलं. आपलं कापड पुढे कुणाच्या हाती पडेल याची त्याला काळजी होती.

तुकडे सुटे झाले तसे ती टेबलावर मांडत गेली. पाठ. पुढचे दोन भाग, एकावर बटणं, एकावर काजं. दोन बाह्या, कोपरांशी जाळी झालेल्या. दोन कफ. कॉलर. आणि छातीवरचा खिसा. खिसा निघाला तेव्हा त्याच्याखाली एक चौकोन दिसला, गडद निळा, जसाच्या तसा. पंधरा वर्षांचं ऊन आणि साबण त्याला लागलाच नव्हता. फिक्या कापडावर तो डागासारखा उठून दिसत होता. तिनं टेप लावून मोजलं. मुंढा, म्हणजे बाहीची जागा, कापताना तो चौकोन कापात जाईल, अंगावर येणार नाही. तिनं सुस्कारा टाकला.

अंगावर कापड ठेवून मापं घ्यायला लविन आली, ती बोलतच. "मिलाग्रिन, खरं सांग गो, तुला येतं का? मी सगळ्या मैत्रिणींना सांगून बसलेय."

"काय सांगितलंस?"

"की परदेशातनं आलाय."

"परदेशातनंच तर आलाय. हात वर कर."

गुरुवारी सकाळी ऊन टेबलावर आलं तेव्हा मेस्त खुर्चीत बसला होता, हात मांडीखाली. लविन दारात. रोझार बलकावाच्या पायरीखाली, एका हातात फटाका, दुसऱ्यात पेटलेली विडी, आणि मान उंच करून खिडकीतून आत बघत.

"सांग," मेस्त म्हणाला.

"पाठ पुढे घेणार," मिलाग्रिन म्हणाली. "ती कुठेच झिजलेली नाही. पट्टे सरळ उभे येतात."

"आणि बटणांचं?"

"पुढचे भाग मागे जातील. बटणं पाठीवर. काजं तयारच आहेत."

"पाठीवरची बटणं लावणार कोण?"

"आई लावेल," लविन म्हणाली. "तिला तेवढंच माझ्या मागे लागायला निमित्त."

"कॉलर?"

"घडीवर विरलीय, म्हणून उलटवणार. आणि मधोमध कापून दोन करणार, म्हणजे टोकं पुढे येतील आणि कापलेली बाजू मागे बटणांपाशी. बाही कोपराच्या वर कापायची, चुण्या घालून फुगवायची, आणि मनगटाचा कफ दंडाला. रोझारतियूंचं मनगट आणि लविनचा दंड सारखेच आहेत, मी मापलंय."

"आता माझ्या दंडावरही बोला," लविन म्हणाली.

"घोळाची गोलाई तशीच ठेवणार. शर्टाचं तेवढं तरी राहावं."

मेस्तनं आणखी काही विचारलं नाही. तो उठला, खुंटीवरून कात्री काढली आणि तिच्यापुढे ठेवली, मुठी तिच्याकडे करून.

तिनं पाठ उभी दुमडून घडी टेबलाच्या कडेशी लावली. खडूनं बारीक क्रूस काढला. ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. पहिला कट अगदी लहान असतो. गळ्याच्या मध्याची खूण म्हणून घडीवर नखाएवढी कात्री द्यायची, बाकी सगळी मापं तिथून. तिनं कात्री उचलली. जड होती, वाटलं त्याहून जड. कपाळावरून एक बट डोळ्यांवर आली, म्हणून तिनं डावा हात वर करून ती मागे सारली आणि कात्री कापडावर टेकवली.

बाहेर रोझारनं हात वर झालेला पाहिला. त्यानं विडी वातीला लावली.

कात्रीची पाती मिटायला आणि फटाका फुटायला एकच गाठ पडली. खिडकीची तावदानं खणखणली. शेजारचं कुत्रं केकाटत पळालं. आणि नखाएवढा व्हायचा तो कट चार बोटं आत गेला, घडीला धरून, थोडा तिरका.

मिलाग्रिननं घडी उलगडली. गळ्याच्या खाली, छातीच्या बरोबर मधोमध, वर रुंद आणि खाली निमुळती अशी फट पडली होती. तिच्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"झालं," लविन म्हणाली. "आता मी हा घालून मिस्साला गेले तर पाद्री मला वेदीपासूनच घरी पाठवील."

रोझार धावत आत आला. "तू हात वर केलास ना? मी बघितलं, केलास."

"केस मागे सारले, तियू."

"केस," रोझार म्हणाला. तो खाली बसला. "केस कोण सारतं अशा वेळी?"

मिलाग्रिनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खाली पडायच्या आत मेस्तचा आवाज आला, "रडायचं तर बाहेर. इथं मशीनवर पाणी पडलं तर गंज चढतो."

ती बाहेर गेली नाही. कात्री तिच्या हातातच होती. तिला वाटलं, आता मेस्त ती मागून घेईल. तिनं पुढे केलीसुद्धा. पण मेस्तनं हात मांडीखालून काढला नाही.

"इनास," रोझार हळूच म्हणाला, "सांगून टाक तिला."

"काय सांगू?"

"तू नाही सांगत तर मी सांगतो." रोझार मिलाग्रिनकडे वळला. "माझ्या मोठ्या बहिणीचा साडो. शेहेचाळीस वर्षं झाली. याचा पहिला साडो, बावीस वर्षांचा होता हा, मिशी पण नीट नव्हती. मी बारा वर्षांचा. फटाका माझ्या हातात, आणि कुणी सांगितलंच नव्हतं कधी लावायचा. हा कात्री घेऊन वाकला, मी लावला. सरळ कमरेत घुसली गो कात्री. लाल साटीन. आई किंचाळली, कुणाला वाटलं नवरीलाच लागलं."

"तेव्हाही तूच," लविन बापाला म्हणाली.

"तेव्हाही मीच. मग यानं काय केलं ठाऊक आहे? कमरेला डाव्या बाजूला एक चुणी घातली. पंख्यासारखी. अशी बसली ती, की पुढच्या लग्नातल्या नवरीनं तशीच मागितली. आता तीन गावांत मेस्त इनासच्या साडोला डाव्या कमरेत चुणी नसेल तर लोक म्हणतात, हा खरा साडो नव्हे."

मिलाग्रिननं मेस्तकडे बघितलं. त्या चुणीला तिनं स्वतः किती वेळा हातशिलाई घातली होती. तिला वाटायचं, ही आजी-पणजीच्या वेळेपासून चालत आलेली रीत.

"आणि हात वर करायचा नियम?" तिनं विचारलं.

"तो याच्यामुळे," मेस्त रोझारकडे हनुवटी करून म्हणाला. "शेहेचाळीस वर्षं सगळ्या गावानं पाळला. यानं तो मोडला नाही, हे खरं आहे. चूक तुझी. हातात कात्री असताना केसांना हात लावायचा नाही. बांधून ये." मग जरा थांबून म्हणाला, "मला काही सुचत नाही बघ तिथं. कापड तुझं, डोकं तुझं."

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार त्यानं उघडंच ठेवलं.

मिलाग्रिननं केस घट्ट बांधले. मग ती बराच वेळ त्या फटीकडे बघत उभी राहिली. मिटवून टीप मारली तर पुढचे पट्टे मोडतील. वर पट्टी लावली तर ठिगळ दिसेल. फिक्या निळ्याला जुळणारं कापड दुकानात मिळायचं नाही, कारण तो रंग दुकानातला नव्हताच. तो ऊन-वाऱ्यानं केलेला होता.

तिनं पुढचा भाग ओढला, मुंढ्याचा आकार खडूनं आखला आणि कापला. या खेपेला हात हलला नाही. कापातून तो चौकोन सुटा झाला, खिशाखालचा, गडद. तिनं तो उचलून फटीखाली सरकवला. मग थोडा फिरवला, पट्टे तिरके होतील असा. मग त्याचे दोन तुकडे करून मध्ये जोडला, म्हणजे दोन्हीकडचे पट्टे मधल्या शिरेला येऊन मिळतील, पानासारखे.

रोझार वाकून बघत होता. त्याचा चेहरा बदलला.

"हा रंग," तो म्हणाला. "हाच होता गो तो. दुकानाच्या काचेत टांगलेला, बाहेर बर्फ पडत होता, आणि आत हा निळा. याच्यासाठीच घेतला होता मी. मी साफ विसरून गेलो होतो." त्यानं बोटानं त्याला हात लावला. "खिशात लपून बसला होता लबाड."

लविन दारातून पुढे आली आणि बापाच्या खांद्यावरून बघायला लागली.

पुढचे दोन दिवस मिलाग्रिननं शिवलं. फटीच्या कडा आत दुमडून तिनं ते पान हातानं बसवलं, इतक्या बारीक टाक्यांनी की भिंग लावून बघावं. कॉलर उलटवली, दोन केली, तिची टोकं पानाच्या देठाशी आणून भेटवली. बाह्यांच्या चुण्या एकेक मोजून पाडल्या. मेस्तचे अकरा फ्रॉक बाजूच्या मशीनवर चालले होते. मेस्तनं मान वर केली नाही. फक्त शनिवारी संध्याकाळी त्यानं सुई पुढे केली आणि म्हणाला, "ओवून दे. दिवस बुडाला." इतक्या वर्षांत त्यानं तिला सुई ओवायला सांगितली नव्हती.

फेस्ताच्या सकाळी देवळापुढे खाज्याची दुकानं लागली होती, बँडवाले पेटाऱ्यांवर बसून चहा पीत होते. लविन पायऱ्या चढून आली. कमरेशी नेमका बसलेला टॉप, सरळ उभे फिके पट्टे, दंडावर फुगून कफात शिरलेली बाही, आणि गळ्याखाली ते एक गडद निळं पान. नव्या साटीनच्या, नव्या जॉर्जेटच्या गर्दीत ती अशी दिसत होती जशी सगळ्या दिव्यांत एक खिडकी. बायका वळून बघायला लागल्या. म्हाताऱ्या पाद्रींनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, पान नीट पाहून घेतलं आणि समाधानानं पुढे गेले.

"कुठला गो हा?" कुणीतरी विचारलं.

"परदेशातला," लविन म्हणाली. मग तिची नजर मिलाग्रिनवर गेली. "कापड परदेशातलं. टॉप आपल्या वाड्यावरचा. मिलाग्रिननं केलाय. पप्पाच्या शर्टाचा."

"कुठल्या शर्टाचा? त्या शिडाचा?"

"त्याच शिडाचा. आणि अजून एका ब्लाउजचं कापड उरलंय."

मिस्सा सुटल्यावर नातालीनमावशीनं लविनला बाजूला घेतलं. वीस वर्षं तिनं मोठ्या घरांतल्या बायकांचे, परदेशातून शिवून आणलेले कपडे हातानं धुतले होते, इस्त्री केले होते. ती टॉपच्या पुढून काही बघतच बसली नाही. तिनं घोळ उलटा केला. बाहीची आतली शिवण उलटी केली. पानाच्या मागच्या बाजूला अंगठा फिरवला. लविन हात वर करून उभी, आणि चार पावलांवर मिलाग्रिन.

"आतून पण बाहेरच्यासारखाच आहे," मावशी बहिणीला, मिलाग्रिनच्या आईला, म्हणाली. "आमच्या बाईंच्या कपाटात असं काम असलेले दोनच आहेत. सांभाळून धुवावे लागतात." तिनं घोळ खाली सोडला आणि हातानं सारखा केला. "मुंबईला आयांचा काही दुष्काळ नाही. शेजारणीला सांगेन, माझी भाची कामात आहे."

आईनं मेस्तकडे बघितलं. मेस्त टोपी हातात घेऊन देवळाच्या सावलीत उभा होता.

"कात्री खाली आलीय," तो म्हणाला. "मला ती आता वर टांगताही येत नाही. खुंटी उंच आहे." सगळ्यांना वाटलं, तो उंचीबद्दलच बोलतोय.

सोमवारची बोट नातालीनमावशीला एकटीला घेऊन गेली.

चाळीस दिवसांचे उपवास सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत, पलीकडच्या वाड्यावर एक लग्न होतं. साडो कापायला मेस्त इनास गेला, नेहमीसारखा काळा कोट घालून, आणि त्याच्यामागून कात्री फडक्यात गुंडाळून मिलाग्रिन. मेस्तनं लाल कापडावर क्रूस काढला. प्रार्थना त्यानंच सांगितली. मग तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, उघडे. बायकांमध्ये कुजबूज झाली. नवरीची आजी म्हणाली, "मेस्त, ही पोर कापणार?"

"ही कापणार. मी बघणार. डाव्या कमरेत चुणी येईल, काळजी करू नका."

अंगणात फटाका घेऊन रोझार उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, हे काम आता माझ्याकडेच. विडी त्यानं तोंडातून काढून लांब धरली होती आणि खिडकीतून तो फक्त तिच्या हाताकडे बघत होता. सावध, पापणी न लववता.

मिलाग्रिनचे केस घट्ट बांधलेले होते. तिनं कात्री टेकवली आणि नखाएवढा, सरळ, नेमका कट दिला. कात्री बाजूला ठेवली. कापड पुन्हा एकदा बघून घेतलं. रोझारला अंमळ तसंच उभं ठेवलं.

मग तिनं हात वर केला.